खोकला तेवढा ठेवला

गाणं एकच. तीनदा केलं.
मी बेस वाजवायचो, म्हणजे जो वाजत असला तर कळत नाही
आणि थांबला की सगळे माना वळवतात, तो.

पहिल्यांदा रज्जाकभाईंकडं, परभणीतच,
झेरॉक्सच्या दुकानावरची खोली. भिंतींना अंड्यांचे ट्रे,
ट्रेवर गोधड्या, आणि मे महिना.
पंखा बंद, कारण पंखा माइकमध्ये यायचा.
हयातभर त्यांनी कव्वाल्या केल्या, भीमगीतं केली,
निवडणुकीच्या रिक्षांना प्रचार भरून दिला.
म्हणाले, "लफ्ज सामने होना. बाकी सब पीछे बैठो."
सुमेधचा आवाज असा पुढं काढला
की वॉर्डात उमेदवारच उभा.
गिटार मागच्या गल्लीत.
ड्रमला इको. त्यांचा इको म्हणजे पंगतीतला वाढपी,
नको म्हणा, हात आडवा धरा, पडणारच.
खाली उतरून रसवंतीवर आम्ही चौघं पोट धरून हसलो
आणि ठरवलं, हे कुणाला ऐकवायचं नाही.

दुसऱ्यांदा पुण्याला. इलियासनं त्यासाठी मोटरसायकल विकली.
सर मऊ बोलायचे. खोलीत एसी, कोपऱ्यात कुंडी,
कानात टिक टिक टिक टिक.
इलियास कडव्यात जरा मागं रेलायचा,
बशीत चहा ओतून माणूस थांबतो तेवढाच,
आणि धृपद आलं की गाडी सुटल्यासारखा पळायचा.
सरांनी पडद्यावर त्याचा एकेक ठोका उचलून
रेघेवर ठेवला.
मग ठोकाच बदलला. दुसऱ्याच कुणाचा,
कुठल्या तरी देशात मारून ठेवलेला,
धुतल्या तांदळासारखा.
गाणं लै भारी झालं, खोटं कशाला बोलू.
इलियास हेडफोन काढून म्हणाला, "इसमें मैं किधर है?"
सर म्हणाले, "सगळीकडे."

येताना रात्रभर रेल्वेत तो मांडीवर बोटं वाजवत होता,
मनमाडपर्यंत. मग तेही थांबलं.

तिसऱ्यांदा कुमुद टाकळकर. आकाशवाणीतून रिटायर,
तीस वर्षं बांधावर उभ्या माणसांचे आवाज घेतलेल्या.
आम्हाला बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये नेलं.
पत्रा वीस फूट वर, कोपऱ्यांत अजून सरकी,
हवेत कापसाचे तंतू.
माइक दोनच. एक आमच्यापुढं,
एक पार त्या टोकाला, वजनकाट्यापाशी.
"तो कशाला, ताई?"
"तो शेडचा."
सुमेधला म्हणाल्या, भिंतीकडं तोंड कर.
मला, चार पावलं मागं.
इलियासला काहीच नाही.
तीनदा वाजवलं, मधलं ठेवलं.
त्यात दुसऱ्या कडव्याआधी इलियासला ठसका लागलेला,
ठोका न चुकवता खोकलाय गडी.
मी विचारलं, ताई, हे काढता येईल ना?
"येईल," म्हणाल्या.
काढलं नाही.

इलियास आता दम्माममध्ये एसी दुरुस्त करतो.
सुमेध फोन उचलत नाही.
तिन्ही गाणी माझ्या पोराच्या मोबाइलवर.
काल रात्री रज्जाकभाईंचं लावलं, अठरा वर्षांनी,
आणि शब्द, च्यायला, शब्द न् शब्द कळला.
पुण्याचं लावल्यावर पोरगा म्हणाला,
"पप्पा, हे तुमचं नसंल."
तिसरं खोकल्यापाशी थांबवलं. मागं नेलं. परत लावलं.

"पण तुम्ही काय वाजवायलाव, ऐकूच येईना की."
मोबाइलचा भोंगा केवढा, त्यात बेस कुठला मावायचा.
मग त्यानंच उठून स्टीलचा तांब्या आणला,
फोन आत सोडला.
तांब्या ओट्यावर हळूच थरथरायला लागला.
"आता?"
थांब, म्हटलं.
जरा भिंतीकडं सरकव.