वजनाची वही

पोलीसबाई साध्या साडीत आली,
खाकी बघून पोर मिटतं म्हणून.
पिशवीत नव्या कायद्याची प्रत, कोरी करकरीत.

हर्णैच्या अंगणवाडीत
मी तिच्यापुढे वही सरकवली.
हंसिका पावसे, साडेचार वर्षं.
आषाढात तेरा किलो,
नारळी पुनवेला बारा,
दिवाळीनंतर साडेदहा.
शेऱ्यात माझंच वाक्य:
‘पाठीवर वळ. पडली असावी.’

सुकट वाळवणाऱ्या बायकांना ठाऊक होतं.
लिलावाच्या गर्दीलाही.
दुसऱ्याच्या घरातलं आपण कशाला, म्हणायचे.
मीही म्हणायचे.

‘आता ठाऊक असून गप्प बसणाराही
यात येतो,’ ती म्हणाली.
पेनाचं टोपण काढलं. मग हळूच:
‘बाई, तुम्हांला कधीपासून?’

आढ्याला वजनकाटा,
रिकामा,
तरी शून्याच्या जरा पुढे.

‘आषाढ,’ मी म्हटलं.
‘लिहा.’