शून्य ते दहा

"शून्य ते दहा, किती दुखतं?" डॉक्टर बोंद्रे विचारतात.
वय माझ्या धाकटीएवढं.
चौतीस वर्षं मी काटे तपासले,
मशीद बंदर, भात बाजार, सोनारांचे काचेच्या पेटीतले,
आणि आधी विचारायची सवय आहे:
शून्य कुणी लावलं?

त्या हसत नाहीत. बाहेर अजून साठ केसपेपर आहेत.

झालं ते एवढंच. वीस किलोचं बिडाचं वजन
उचललं, हजारदा उचललं तसं.
गोणपाटावर सांडलेली मोहरी दिसली नाही.
पाय गेला. वजन सोडलं नाही मी.
शिक्क्याचं वजन आपटलं की खोटं होतं,
हे अंगात मुरलेलं.
कमरेत काहीतरी बोललं. एकच शब्द.
तो अजून कुणाला लागलेला नाही.

मग डाव्या पोटरीत मुंग्या.
मग तळव्याखाली दुमडलेला मोजा, पाय उघडा असताना.
मग ते दुसरं, ज्याला आमच्या घरात शब्द नव्हता.
हेमलतानं विचारलं, "इतका वेळ काय करता आत?"
म्हटलं, वाट बघतो.

बोंद्रेबाईंनी बसायच्या जागी टाचणी फिरवली.
इथे कळतं. इथेही.
इथे... टोचलंत का?
त्या भागाला त्यांच्या पुस्तकात खोगीर म्हणतात.
घोड्यावर मी जन्मात एकदाच बसलो,
काळाचौकी ते शिवडी, भाड्याच्या, वरातीत,
आणि तेव्हा सगळं कळत होतं.

"बधिर झालं त्याच रात्री का नाही आलात?
अकरा दिवस?"
आता काय सांगू. दोन मुली, एक जावई,
रात्री दीडला टॅक्सीवाल्याला काय म्हणून उठवायचं.
मला वाटलं, उतरेल. सूज उतरते.

हाडांचे डॉक्टर फिल्म उजेडाला धरून म्हणाले,
गादी किंचित सरकलीय, एवढ्यानं एवढं होत नाही.
नसांचे म्हणाले, आमच्यात सापडत नाही, लघवीवाल्यांना दाखवा.
लघवीवाले म्हणाले, पिशवी ठीक आहे,
हुकूम वरून येत नाहीये.
वरून म्हणजे कुठून?
दुसरा मजला, सोमवार आणि गुरुवार.

मधे एकदा त्यांनी मला नरसाळ्यासमोर उभं केलं
आणि दार लोटून घेतलं. "आली की करा."
नरसाळ्याखाली भांडं. भांड्याखाली,
वाकवत नव्हतं तरी वाकलो,
काटा.
आमच्याच जातीचा, दोन किलोचा.
शिक्का शोधला. बाजूला पिवळी पडलेली चिठ्ठी:
तपासणीची मुदत दोन वर्षांपूर्वी संपलेली.
मला हसू फुटलं, आणि हसता हसता
थोडी झाली.
कागदावर एक डोंगर यायला हवा होता म्हणे.
आल्या तीन टेकड्या, मधे लांब माळ.
आत शिल्लक: एकशे ऐंशी.

बोंद्रेबाईंनी सगळे कागद एकावर एक ठेवले,
कडा जुळवल्या, पुन्हा जुळवल्या.
"तेव्हा दाबली गेली असेल नस, नंतर गादी मागे सरली असेल.
नसेलही. त्या रात्रीचा फोटो नाही.
काका, मला माहीत नाही."
सरकारी खुर्चीत बसून कुणी असं म्हणताना
मी पहिल्यांदा ऐकलं.
राग आला. मग जिना उतरताना, कठडा धरून,
तो कुणावर काढायचा हेही सापडेना.

घोडपदेवला पावणेपाचला पाणी येतं.
आधी नळ खोकतो, नुसती हवा सोडतो,
खालच्या मजल्यांवरून काहीतरी चढत असल्याचा आवाज.
मी आत उभा, ओटीपोटावर तळहात,
नर्सनं दाखवला तसा.
हेमलता दाराबाहेरून: "आलं का?"
कशाबद्दल विचारते कळत नाही.
"येतंय," म्हणतो.

वहीत: चार बावन्न. एकशे दहा.
मगात चार मिलीचा फरक आहे, वजा धरावा.