नखाची परीक्षा

उद्यमबागेत दिवसभर मी चुका शोधते.
पंपाचं झाकण, व्हॉल्व्हचं अंग,
उचलायचं, गेजला लावायचं, फिरवायचं.
साचा अर्धा मिलिमीटर सरकलेला दिसला
की लाल खडूची फुली, आणि परत भट्टीत.
दिवसाला तीनशे नग. फुल्या अकरा-बारा.

साडेपाचला सुटते. मंगळवार-शुक्रवार
खडेबाजारात गुरपादप्पांच्या घड्याळाच्या खोक्यासमोर
लोखंडी स्टुलावर बसते, आणि तिथं
सगळं उलटं.

पहिल्याच दिवशी त्यांनी दोन रुपयांचं नाणं पुढं केलं.
छाप एका अंगाला घसरलेला,
दुसऱ्या कडेला चंद्रकोरीएवढी जागा कोरी.
"हेच्यासाठी दावणगेरीचा एक मनुष्य
चारदा येऊन गेला. दिलो नाही."
माझा हात खिशातल्या खडूवर होता.

भिंग भुवई आणि गालाच्या मध्ये धरायचं.
श्वास तिकडं सोडायचा नाही, काच धुरकटते.
सालाखाली बघायचं: तारा असला तर हैदराबाद,
ठिपका नोएडा, उभा चौकोन मुंबई,
काहीच नसलं तर कोलकाता.
"निशाण नसलं म्हणून काय झालं, तंगी,
गाव असतंयच."

रेघ सापडली की नख फिरवायचं.
उठून आलेली रेघ साच्याची.
आत गेलेली रेघ माणसाची.
पहिली जन्माची, तिला गिऱ्हाईक.
दुसरी नंतरची. तिला कोण विचारतो?

मी नख फिरवत होते, तेव्हा त्यांनी मान वर न करता
समोरच्या दुकानाकडं बोट केलं.
पाटीवर वर कन्नड, खाली मराठी,
मराठीवर कधीतरी फासलेला डांबराचा पट्टा.
"ते बी टाकसाळीतलं नव्हं," म्हणाले,
आणि एक बारीक स्क्रू शोधायला लागले.

तिसऱ्या आठवड्यात मी शहाणपणा केला.
सासूबाईंच्या मोहरीच्या डब्यात सापडलेला
तांब्याचा पाव आणा, काळाठिक्कर.
रात्रभर चिंचेच्या कोळात, सकाळी राखेनं घासून
लख्ख केला, नव्या रुमालात बांधून नेला.
गुरपादप्पांनी गाठ सोडली. परत बांधली.
"धुतलीस?"
"आता किती छान दिसतोय की वो!"
"दिसतोय. पण त्याचं वय तू गटारीत ओतलीस."
त्या दिवशी त्यांनी चहा अर्धाच प्याला.

ग्रेड अजून जमत नाही.
चूक नजरेला टोचते. झीज टोचत नाही.
आधी काय होतं ते ठाऊक असलं
तरच काय गेलं ते दिसतं.
राजाची भुवई आधी जाते, मग कानाची पाळी,
सिंहाच्या आयाळीतले केस तर कुणाला कळायच्या आत.
मी 'एक्सएफ' म्हटलं की ते 'व्हीएफ' म्हणतात,
मी 'व्हीएफ' म्हटलं की नुसतं हसतात.

"सगळ्यात वरची ग्रेड कुठली?"
"जे कुणाच्या हाताला लागलंच नाही ते."
"आणि जे फिरलं? भाजी आणलं, औषध आणलं,
पोराच्या मुठीत शाळेपर्यंत घामेजून गेलं?"
"खाली."
"खालीच?"
चिमट्यात घड्याळाचं चाक होतं, हात हलू द्यायचा नव्हता.
"नियम मी केलो नाही, तंगी."

परवा, दुसऱ्या शिफ्टच्या घंटेआधी,
एका झाकणाच्या कडेनं केसाएवढी रेघ आली.
वाळूचा साचा तडकला असणार.
मी नख फिरवलं.
उठून आलेली.
परत फिरवलं.
"काय बघूलीस इतकं?" कुगजी सुपरवायझर मागं उभे.
"काही नाही," म्हटलं,
आणि फुली मारली.
जरा लहान.