डबल क्लच

साकोलीच्या अलीकडे, नाल्याच्या वळणावर,
ताराचंद कापगत्यांच्या धानाच्या गोदामात
एक शेवरलेट उभी आहे. तीन टनी,
लढाईसाठी कॅनडात बनलेली.
तिची समोरची काच खाली झुकलेली,
वरच्या विमानाला चमक दिसू नये म्हणून.
आता वरून जातात ते बगळे,
नवेगावच्या तळ्याकडे.

मी लेथवाला. माझं नाव बिलावर असतं, तेवढं पुरे.
किंगपिनचे बुश मी कातले,
ब्रेकचे पिस्टन, पाण्याच्या पंपाची दांडी.
एक बोल्ट तर तीनदा कातला,
त्याचे आटे आपल्याकडच्या कुठल्याच टॅपला बसेनात.
कापगते म्हणाले, "अंदाजानं करून टाक ना गा."
मी म्हटलं, मग गोदामात
गाडीचा अंदाज उभा राहील.

रंग खरवडायला एक उन्हाळा गेला.
वर पिवळा : आठवडी बाजार, भांडी, सतरंज्या.
त्याखाली निळा : लाकडाचा ठेकेदार,
सागाचे ओंडके, साखळीचे वळ.
त्याखाली हिरवा, त्यावर लाल आकडा,
कामठीच्या लिलावातला.
हिरव्याखाली वाळूचा रंग.
आमच्या चुलबंदची वाळू अशी नाही.
ब्रश थांबले. कुणी काही बोललं नाही.

आणि त्या वाळूत, ड्रायव्हरच्या दाराच्या आतून,
खिळ्यानं कोरलेली चार अक्षरं.
लिपी कुणालाच येईना.
शाळेच्या बाईंना दाखवली, पोस्टमास्तरांना दाखवली.
बँकेचे नवे साहेब केरळचे,
ते बराच वेळ वाकून राहिले.
"आमची नाही," म्हणाले, "पण नाव असावं.
नावासारखंच खोदलंय."

दसरू मडावी या गाडीवर सतरा वर्षं होता,
निळ्या रंगाच्या काळात.
आता कानांनी गेला.
हँडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा,
नाहीतर उलटा झटका मनगट मोडतो,
हे त्यानं मला
स्वतःचं मनगट दाखवून शिकवलं.

मग गिअर.
"क्लच दाब. न्यूट्रलले आन. सोड क्लच.
थांब.
आता जराशी रेस. पुन्हा क्लच. टाक."
मी टाकला. दातांवर दात करकरले,
गोदामाबाहेरच्या कोंबड्या उडाल्या.
"घाई कायले करतेस? थांब म्हनलं ना."
त्यानं दांड्यावरच्या माझ्या हातावर हात ठेवला
आणि तळव्यानं ऐकू लागला.
गाडी कुठल्याच गिअरमध्ये नव्हती,
नुसती स्वतःच्या वजनानं चालली होती.
"आता नाही… आता नाही… हं."
विहिरीत बादली टेकावी
तसा तिसरा पडला.

पटल्यांच्या पोरानं विचारलं, "हिच्यात बॉम्ब न्यायचे का?"
मी दसरूला हातवारे करून विचारलं.
"म्या त साग नेला.
एकदा वरात. एकदा बाळंतीन सडक अर्जुनीले,
पोरगी हौद्यातच झाली.
त्याच्या आधीचं तिलेच विचार,"
आणि बॉनेटवर थाप मारली.

सव्वीस जानेवारीला शाळेपर्यंत नेतो. दोन किलोमीटर.
दरवर्षी कुणीतरी विचारतंच, ॲव्हरेज काय देते?
कापगते चिडून सांगतात,
लिटरमागे अडीच किलोमीटर
आणि मागं धावणारी शंभर पोरं.

रंग शेवटी हिरवाच दिला.
दाराच्या आत तळहाताएवढी जागा मी सोडली,
त्या चार अक्षरांपुरती.
पण चालवणाऱ्याचं कोपर नेमकं तिथंच घासतं.
यंदा पाहिलं, पहिलं अक्षर पुसट झालंय.
कापगते म्हणतात, वर काच बसव.
नाहीतर गाडी काढूच नका, उभी असू द्या.
दसरूला कळायला वेळ लागला.
मग म्हणाला, "घासू द्या ना.
त्याचंबी कोपर घासतच असन."

काच मी कापून आणली आहे.
कडा घासून गुळगुळीत केल्या,
चार भोकं पाडली.
लेथच्या वरच्या फळीवर आहे,
वर्तमानपत्रात गुंडाळलेली,
दिवाळीपासून.