पूल क्रमांक १४/२

अक्षराला सहा रुपये. काना, मात्रा, वेलांटी फुकट.
जोडाक्षराचे दीडपट धरा,
असं मी तीन साहेबांना सांगून पाहिलं.
पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं.
वळसंगच्या पुढं सतरा मोऱ्या, चार पूल,
सगळ्यांना कागदावर आकडे होते.
फक्त चौदा बटे दोनच्या समोर
कुणीतरी शाईनं लिहिलेलं,
स्थानिक नाव विचारून घालणे.

तर मी विचारलं.
इथंच चुकलं.

चनवीर हत्तरकी मोटारसायकल बंद न करताच बोलला,
हत्तरकींचा पूल.
आमची अठरा गुंठे गेली यात, काळी, कमरेइतकी खोल.
आजोबांनी मोबदल्याचा कागद फ्रेम करून लावलाय.
मोबदला यायचाय अजून.

शाळेतल्या बाई म्हणाल्या, मुलाण्याचा.
पूल नव्हता तेव्हा बाबुलाल मुलाणी
लॉरीच्या ट्यूबवर फळी बांधून माणसं पलीकडं न्यायचा.
एकदा नवरी, रुखवतासकट.
एकदा मॅट्रिकच्या उत्तरपत्रिका,
एकही न भिजवता.
पूल झाला आणि त्याचा धंदा बसला,
निदान नाव तरी द्या हो त्याला.

शेंगा फोडत बसलेल्या दोघी हसल्या.
चिंचेचा पूल म्हणत्यात की. कवाधरनं.
चिंच कुठाय?
ती पुलातच गेली की ओ, पाया खणताना.

संध्याकाळी सरपंचांचा फोन.
एका मोठ्या माणसाचं नाव, पदव्यांसकट.
मोजलं, एकतीस अक्षरं.
पाटीवर बारा बसतात.
बारीक लिहा, ते म्हणाले.
एकशे शहाऐंशी रुपये होत होते.
खोटं कशाला बोलू, हिशेब मी केला.

दुसऱ्या दिवशी हात धुवायला खाली उतरलो.
ओढ्यात टीचभर पाणी, काठाला बेशरमीची झुडपं.
वरून उसाची ट्रॉली गेली
आणि अख्खा पूल डोक्यावर गुरगुरला.
कमानीच्या आत, ऊन पोचत नाही तिथं,
दगडांवर टाकीनं काढलेल्या खुणा.
एकावर तीन रेघा.
एकावर चिमणीचा पाय.
मग पुन्हा तीन रेघा, तीन रेघा,
पुन्हा चिमणी.

मेंढरं पाण्यावर आणलेला बिरा सलगर म्हणाला,
वडारांच्या हायत त्या. ज्याचा दगूड त्याची खूण.
शनवारी मुकादम मोजायचा, दगडाला चार आणे.
चिमणी कुणाची?
यल्लूची. पोर पाठीला बांधून घडवायची.
आडनाव?
त्याला आठवेना. कुठली, तेही आठवेना.
काम सरलं, पालं उठली,
गाढवं तेवढी लक्षात होती त्याच्या, सात.

चिमणीच्या पायावरून मी बोट फिरवलं.
धार अजून लागते.
माझ्या पाट्या दोन उन्हाळ्यांत उडतात.

वर येऊन लिहिलं तेच, कागदावर होतं ते.
पूल क्र. १४/२.
हत्तरकी रागावला. बाई काही बोलल्या नाहीत,
ते जास्त लागलं.
सरपंच फोन उचलत नाहीत.
आकड्यांना अक्षर धरायचं की नाही
यावर साहेब अजून विचार करतायत.

डबे बांधून अक्कलकोट गाडीला हात केला.
कंडक्टरनं दोरी ओढली,
बाहेर न बघताच ओरडला,
चिंच! चिंचवाले उतरा, चला!
चार माणसं उतरली, एक कोंबडी,
आणि जिथं एक मुळीसुद्धा शिल्लक नाही
तिथं सवयीनं, सावलीला थांबल्यासारखी थांबली.
एकानं माझ्या ओल्या पाटीला पाठ टेकली.
मी खिडकीतून ओरडेपर्यंत गाडी सुटली होती.
शर्टावर उलटा चौदा घेऊन
तो गावाकडं चालत गेला.