झडती

माफेटेंगच्या दवाखान्यात नर्स म्हणाली,
टेबलावर ओणवं व्हा, उशी कवटाळा,
खोकू नका.
जसा काही हौसेनं खोकतो मोहापी.

पाठीत, दोन बरगड्यांमधे सुई गेली
आणि नळीतून बाटलीत उतरू लागलं
जोंधळ्याच्या बियरच्या रंगाचं पाणी.
दीड लिटर. नर्सच्या आधी मीच सांगितलं.
डोंगराखालच्या झऱ्यावरून डोईवर पाणी आणणारीला
माप शिकवावं लागत नाही.

तिकडे वेल्कोमला, सोन्याच्या खाणीत,
पाळी संपली की झडती व्हायची.
आ कर. तळपाय दाखव. बूट उलटे धर.
कणभरही बाहेर जाता कामा नये.
सतरा वर्षं रोज
तो छाती भरून घेऊन निघाला
आणि पहारेकरी म्हणाला, जा.

भरपाईच्या फॉर्मवर
एक रकाना अजून कोरा आहे:
खाण कधी सोडली?

रात्री घरी, ब्लँकेटमधून
तो म्हणाला,
तांबड्या शेळीला आत घेतलीस का गं,
एका दमात, मधे न थांबता.

मी म्हटलं, काय?
ऐकू नाही आलं.