चौदा ताटं

शारजा, इंडस्ट्रियल एरिया दहा.
टायरच्या गोदामावर दोन खोल्या,
चौदा माणसं, एक शेगडी आणि मी.
माणशी दोनशे दिरहम महिन्याला.
त्यात सगळं आलं : तेल, गॅस, मीठ,
आणि माझ्या पाठीमागे बोललेलं.

फेब्रुवारीत कंपनीची नर्स आली,
ओळीनं बोटं टोचत गेली.
चौदातल्या नवांना साखर.
निजाम परकार कागदाची घडी खिशात घालत म्हणाला,
"काशिनाथभाऊ, ही साखर तुझ्या हातची."
थट्टाच होती. सगळे हसले, मीही.

रात्री मात्र डबे उघडून बसलो :
गोठवलेले पराठे, तीस नगांचा पुडा,
रश्श्याची पाकिटं, फक्त गरम पाणी मागणारी,
आणि लाल सरबत,
जे कुठल्याच फळाला ओळखत नाही.
सहा वर्षं मी आचारी म्हणवतो.
शिजवत कुठं होतो,
कात्री चालवत होतो.

सुट्टीला मोठ्या मॉलात गेलो.
एका कपाटावर हिरवी पाटी : ऑरगॅनिक.
तिथं बाजरीचं पीठ. हो, बाजरीचंच.
अर्धा किलो, एकोणीस दिरहम.
कापडी पिशवी, गळ्यात सुतळी,
जणू पाहुणे बघायला यायचेत.
उचलली. वजन हाताला पटलं, किंमत पटेना.
सुतळीची गाठ सैल झाली होती,
ती घट्ट करून परत ठेवली.

मग बाजाराचा मागचा दरवाजा शोधला.
मंडई आवरायच्या वेळी
पाचला एक असलेली पेटी पाचला तीन होते.
टोमॅटोला पोचे. मेथी मान टाकलेली,
पण पाण्यात ठेवली की तासाभरात ऐकू लागते.
दुरमोहम्मद बलुची मुळ्याचा पाला फुकट देतो.
"बकऱ्या पाळल्यास का?"
"चौदा," म्हणतो मी.
तारल्या चार दिरहम किलो.
मटकी पोत्यातली, सुटी;
मोड आणायला शारजाचा उन्हाळा पुरतो,
ओल्या फडक्यात एका रात्रीत शेपट्या.

आठव्या दिवशी खैरनारनं ताट सरकवलं.
"बारा तास क्रेनवर टांगलेला असतो मी.
आणि खायला हे? आजाऱ्याचं?"
काय बोलणार.
जिभेलाही घर आठवतं,
आणि तिचं घर आता पाकिटात होतं.

लसूण ठेचला, दाण्याचा कूट वाढवला,
हिरव्या मिरच्या तव्यावर रगडल्या.
सगळी खोली खोकली.
पथ्य तिखटाखाली लपवून वाढायचं असतं,
हे नर्सच्या कागदावर नव्हतं.
सुट्टीच्या आदल्या रात्री भजी :
एवढ्यावर तह झाला.

आता निजाम आणि बिजू जेवल्यावर चालतात,
गोदामांना चार फेऱ्या, रबराच्या वासातून.
निजामनं पट्ट्याला खिळ्यानं नवं भोक पाडलंय,
आतल्या बाजूला.
मे महिन्याच्या हिशेबात माणशी अकरा दिरहम उरले.
परत वाटायला लागलो तर खैरनारच म्हणाला,
"राहू दे. ती सुतळीवाली आण. एकदा तरी."

आणली.
भाकरी झाल्या सहा. तोडून चौदा वाटे केले.
बोललं कुणी नाही.
खैरनारनं बराच वेळ चावलं.
"जुनं पीठ आहे," म्हणाला, "कडू झालंय."
खरंच झालं होतं.
बाजरीचं पीठ फार दिवस थांबत नाही कुणासाठी,
हे त्या हिरव्या पाटीला कोण सांगणार.
तरी पातेल्यात काही उरलं नाही.

नर्स ऑगस्टात पुन्हा येणार आहे.
गॅसच्या टाकीमागे लाल सरबताची
अर्धी बाटली आहे, माझी.
तिनं चौदा बोटं टोचली होती.
आचाऱ्याचं राहिलं.